पी१६ पॉझिटिव्ह घशाचा कॅन्सर: डीएनए दुरुस्ती रोखणाऱ्या गोळ्यांसाठी शेक थांबवावेत का?

ठाण्याच्या मानपाड्याहून एका मुलीने वडिलांबद्दल विचारले आहे. वडिलांचे वय ५९. उजव्या टॉन्सिलमध्ये कॅन्सर, मानेत एक गाठ, बायोप्सीवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’. बरीच वर्षे तंबाखू आणि बिडी होती, आता सुटली आहे. डॉक्टरांनी सात आठवडे रेडिएशन, म्हणजेच शेक, आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो सांगितली आहे. कोपरखैरण्याच्या मामेभावाने वाचून सांगितले की विषाणूमुळे होणाऱ्या या कॅन्सरच्या पेशींना स्वतःचा डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही, आणि नेमका तिथेच घाव घालणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. मग शेक पुढे ढकलून आधी त्या गोळ्या का घेऊ नयेत? आईला वेगळीच काळजी आहे, हा विषाणू घरात पसरेल का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. शेक पुढे ढकलू नका. मामेभावाने वाचलेले खरे आहे. पण पेशींच्या ज्या दुबळेपणाबद्दल त्याने वाचले, त्याचा फायदा तुमच्या वडिलांना रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनमधूनच मिळणार आहे. मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे आणि डीएनए दुरुस्ती हाच माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेक म्हणजे शरीराला गरम करणे नव्हे, हे घरच्यांना आधी समजावून सांगा. या किरणांनी पेशीच्या आतला डीएनए तुटतो. १ ग्रे एवढ्या मात्रेने एका पेशीत साधारण हजार ठिकाणी डीएनएचा एकच धागा तुटतो आणि २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एकच धागा तुटला तर पेशीला फारसे काही वाटत नाही. समोरचा धागा शाबूत असतो, त्याच्यावरून जुळवणी होते. दोन्ही धागे तुटले की मात्र पेशीच्या जिवावर बेतते. वडिलांना रोज २ ग्रे याप्रमाणे ३५ वेळा, म्हणजे एकूण ७० ग्रे दिले जातील. सगळे एकदम का देत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. त्याचे उत्तरही दुरुस्तीतच आहे. निरोगी पेशी शेक संपल्यापासून काही तासांत आपली बरीचशी मोडतोड भरून काढतात आणि दुसऱ्या दिवशीसाठी तयार होतात. कॅन्सरच्या पेशीला ते तितके जमत नाही. रोजचा हा छोटासा फरक ३५ वेळा साठत जातो आणि गाठ संपते. घसा सोलवटतो, चव जाते, थुंकी घट्ट होते, तरी माणूस त्यातून सावरतो, कारण त्याच्या निरोगी पेशींची दुरुस्ती चालू असते.

आता विषाणूकडे. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. घशाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडतो. हा विषाणू गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतो हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. विषाणूचा सगळा जनुकसंच जेमतेम आठ हजार अक्षरांचा. एवढ्याशा सामानात स्वतःची प्रत काढायची यंत्रणा मावत नाही, म्हणून तो पेशीची यंत्रणा वापरतो. त्याची दोन प्रथिने इथे महत्त्वाची आहेत. ई६ हे प्रथिन पेशीतले पी५३ नष्ट करवते. डीएनए तुटल्यावर ‘थांबा, आधी दुरुस्ती करा, नाही जमली तर मरा’ असा हुकूम देणारे प्रथिन म्हणजे पी५३. ई७ हे दुसरे प्रथिन आरबी नावाचा ब्रेक काढून टाकते, आणि पेशी न थांबता विभागत राहते. आरबी गेल्यावर पेशीत पी१६ साचते. रिपोर्टवर दिसणारे पी१६ ते हेच. म्हणजे पी१६ हा स्वतः विषाणू नाही, विषाणूच्या कामाची ती एक खूण आहे. ही खूण कधी कधी चकवते, त्याबद्दल खाली लिहितो.

पुढचा भाग गेल्या दहा-पंधरा वर्षांत उलगडला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एचपीव्हीला आपल्या प्रती काढण्यासाठी पेशीची डीएनए दुरुस्तीची प्रथिनेच लागतात. तो ती आपल्या डीएनएभोवती गोळा करतो. घोडबंदर रोडचे खड्डे बुजवायला निघालेली माणसे आणि डांबर कुणी वाटेतच आपल्या प्लॉटवर वळवून न्यावे, आणि रस्ता तसाच उखडलेला राहावा, असा हा प्रकार. पेशीचा स्वतःचा डीएनए तुटतो तेव्हा दुरुस्ती करणारे वेळेवर पोचत नाहीत.

दोन्ही धागे तुटल्यावर पेशीसमोर मुख्यतः दोन चांगले मार्ग असतात. पहिला, जवळच्या सारख्या प्रतीवरून अक्षर अन् अक्षर तपासून जुळवणे. यात बीआरसीए आणि आरएडी५१ ही प्रथिने लागतात. हा मार्ग संथ, पण अचूक. दुसरा, तुटलेली टोके तशीच पटकन जोडणे. यात डीएनए-पीके नावाचे प्रथिन पुढे असते. एचपीव्हीग्रस्त पेशींमध्ये पहिला मार्ग लंगडा पडतो असे प्रयोगशाळेतल्या अनेक कामांतून दिसले आहे. टीजीएफ-बीटा नावाच्या संदेशव्यवस्थेला विषाणू दाबतो, हे त्याचे एक कारण. मग पेशी तिसऱ्या, आडवाटेच्या मार्गावर जास्त विसंबते. दोन तुटक्या टोकांवर जुळणारी दोन-चार अक्षरे शोधायची, मधला भाग कापून टाकायचा आणि टोके चिकटवायची. या कामात पॉलिमरेज थीटा नावाचे एन्झाइम लागते आणि पार्प नावाचे प्रथिनही मदतीला असते. दुरुस्ती होते, पण प्रत्येक वेळी थोडा डीएनए हरवतो. निरोगी पेशी या वाटेला क्वचितच जाते.

औषध शोधणाऱ्यांनी नेमके हेच हेरले. ज्या पेशीचा चांगला मार्ग आधीच बंद आहे तिची आडवाटही बंद केली तर ती मरते, आणि चांगले मार्ग शाबूत असलेली निरोगी पेशी तगते. बीआरसीए बिघडलेल्या पेशी पार्प रोखल्यावर मरतात हे २००५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले. त्यातून ओलापॅरिब हे पार्प रोखणारे औषध आले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेलही डीएनए दुरुस्तीच्या अभ्यासालाच मिळाले, लिंडाल, मॉड्रिच आणि सँजार या तिघांना. तेव्हा भावाने वाचलेले हवेतले नाही. त्यामागे भक्कम विज्ञान आहे.

मग मी अडवतो का? कारण अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालेली गोष्ट घशाच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालेली नाही. एचपीव्हीच्या घशाच्या कॅन्सरमध्ये आजवर कोणत्याही पार्प-रोधकाने रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनची जागा घेतलेली नाही. बीआरसीएचे जनुक जन्मतः बिघडलेले असणे आणि विषाणूने दुरुस्ती मंदावणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात दार कायमचे बंद असते. दुसऱ्यात ते अर्धवट लोटलेले असते, आणि किती लोटलेले आहे ते प्रत्येक गाठीत वेगळे असते. म्हणूनच कुणी महागडी जनुकचाचणी करून घ्यायला सांगितली आणि त्यात ‘बीआरसीए नॉर्मल’ आले, तर त्यावरून या बाबतीत काहीच ठरत नाही. एचपीव्हीच्या गाठीत जनुक शाबूत असूनही दुरुस्ती दुबळी असू शकते. तो पैसा सध्या वाचवा.

दुसरी अडचण निरोगी पेशींची. शेकासोबत दुरुस्ती रोखणारे औषध दिले की ज्या दुरुस्तीच्या भरवशावर आम्ही रोज २ ग्रे देतो तीच दुरुस्ती घशाच्या आतल्या त्वचेतही मंदावू शकते. आधीच तोंड आलेले असते, गिळता येत नसते, त्यात आणखी भर. ओलापॅरिबची नेहमीची मात्रा दिवसातून दोनदा ३०० मिलीग्रॅम. डोके-मानेच्या रेडिएशनसोबत सेटुक्सिमॅब (गाठीच्या वाढीचा संदेश रोखणारे इंजेक्शन) देऊन ओलापॅरिब तपासणाऱ्या एका सुरुवातीच्या अभ्यासात पुढे नेण्याजोगी मात्रा ठरली ती दिवसातून दोनदा अवघी २५ मिलीग्रॅम. पार्प-रोधक सिस्प्लॅटिनसोबत दिले तर रक्तपेशी आणखी घटतात, आणि मग केमोच थांबवावी लागते. नुसत्या गोळ्यांवर विसंबून शेक पुढे ढकलणे तर त्याहून वाईट. बरा होण्यासारखा आजार त्या काळात पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो.

मला स्वतःला जास्त आशा पॉलिमरेज थीटा रोखणाऱ्या औषधांची वाटते. डीएनए-पीके रोखले तर निरोगी पेशीचाही मुख्य मार्ग बंद होतो. थीटाची वाट मात्र निरोगी पेशी फारशी वापरत नाहीत, म्हणजे शेकाचा परिणाम गाठीत वाढेल आणि घसा त्या मानाने वाचेल, असा तर्क आहे. पण हा तर्क आहे, उपचार अजून नव्हे. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये चांगले तर्क आधीही फसले आहेत. झेव्हिनापँट नावाचे औषध पेशीला मरणाकडे ढकलून केमो-रेडिएशनचा परिणाम वाढवेल अशी मोठी आशा होती. फायदा दिसण्याची शक्यता नाही असे कळल्यावर २०२४ मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवली.

आणि तुमच्या वडिलांना आज मिळणारा उपचार कमी दर्जाचा आहे असे मुळीच समजू नका. सिस्प्लॅटिन डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये गाठी मारते. त्या सोडवायला पेशीला तोच अचूक मार्ग लागतो, जो विषाणूने लंगडा केला आहे. वरून रोजचा शेक. एचपीव्हीचे रुग्ण बरे का होतात यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात घशाच्या कॅन्सरचे एचपीव्ही पॉझिटिव्ह रुग्ण तीन वर्षांनी ८२.४ टक्के हयात होते, निगेटिव्ह रुग्ण ५७.१ टक्के. हा फरक इतका मोठा होता की पुढे स्टेजिंगच, म्हणजे आजाराचा टप्पा ठरवायची पद्धतच, वेगळी करावी लागली. मानेत गाठ असूनही रिपोर्टवर ‘स्टेज १’ दिसू शकेल. ती चूक नाही, ते पी१६ पॉझिटिव्हसाठी केलेले वेगळे गणित आहे.

इतके चांगले निकाल आहेत तर उपचार हलका करू, हा विचार आमच्या क्षेत्रातही आला. सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब देऊन पाहिले. २०१८ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले आणि दोन्हींत सिस्प्लॅटिनच सरस ठरले. नंतर ७० ऐवजी ६० ग्रे देऊन पाहिले. फारसे धूम्रपान नसलेले, सौम्य आजाराचे रुग्ण निवडूनसुद्धा दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले रुग्ण पूर्ण मात्रेच्या गटात ९८.१ टक्के आणि ६० ग्रे व सिस्प्लॅटिनच्या गटात ८८.६ टक्के होते. म्हणून कुणी ‘एचपीव्ही आहे ना, मग थोडेच शेक पुरतील’ असे म्हणाले तर ऐकू नका.

आता तंबाखू. ही गोष्ट मला तुमच्या प्रश्नात सर्वात महत्त्वाची वाटते, आणि परदेशी लेख वाचताना हीच निसटते. त्या लेखांतला नमुनेदार रुग्ण म्हणजे कधी सिगारेट न ओढलेला माणूस. आपल्याकडे डोके-मानेच्या कॅन्सरचा मोठा भाग गालाचा आणि जिभेचा. तो तंबाखू, गुटखा, सुपारीतून येतो आणि एचपीव्हीशी त्याचा संबंध फार कमी. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही सापडतो, पण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी प्रमाणात, आणि अनेकदा रुग्णाला तंबाखूचीही सवय असते. वर सांगितलेल्या २०१० च्या अभ्यासात रोज एक पाकीट सिगारेट याप्रमाणे दहा वर्षांहून जास्त धूम्रपान झाले असेल आणि मानेतला आजार पसरलेला असेल, तर एचपीव्ही असूनही रुग्ण मधल्या जोखमीच्या गटात गेला. वडिलांचा बिडी-तंबाखूचा खरा हिशोब डॉक्टरांना सांगा. लाजून कमी करून सांगू नका.

याच कारणासाठी पी१६ चा रिपोर्ट एकदा नीट पाहून घ्या. किमान ७० टक्के पेशींत ठळक रंग आला तरच पी१६ पॉझिटिव्ह म्हणतात. आणि पी१६ पॉझिटिव्ह असूनही एचपीव्ही नसलेले रुग्ण असतात. २०२३ मध्ये ७,६५४ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा ९.२ टक्के रुग्णांत पी१६ आणि एचपीव्ही यांचे निकाल जुळत नव्हते. दोन्ही पॉझिटिव्ह असलेले पाच वर्षांनी ८१.१ टक्के हयात होते; पी१६ पॉझिटिव्ह पण एचपीव्ही निगेटिव्ह असलेले ५४.७ टक्के. जिथे तंबाखू जास्त आणि एचपीव्ही कमी, तिथे हा चकवा अधिक होतो. म्हणून लॅबमधून बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या आणि एचपीव्हीची थेट चाचणी करता येईल का ते विचारा. ब्लॉक देताना लॅब सही घेते, मागायला संकोच नको. या चाचणीने ३५ शेक बदलणार नाहीत आणि तिच्यासाठी ते थांबवूही नयेत. पुढे आजार उलटलाच किंवा एखाद्या चाचणी-उपचारात जायचे ठरले, तर मात्र हा कागद कामाचा.

उपचारात घरच्यांच्या हातात असलेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे खंड पडू न देणे. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ ते १.४ टक्क्यांनी घटते असा जुना अनुभव आहे. आठवडाभर गावी जाऊन येणे किती महागात पडते ते यावरून कळेल. सण, लग्न, पाऊस, लोकलचा गोंधळ, सगळे धरून आखणी करा. तुम्ही परळला टाटा मेमोरियलला जाणार की खारघरला त्यांच्याच अॅक्ट्रेक केंद्रात की ठाण्यातल्याच एखाद्या केंद्रात, हे ठरवताना यंत्राच्या नावापेक्षा रोज सात आठवडे जमेल का ते पाहा. ठाण्याहून पनवेल लोकल खारघरला सरळ जाते, तरी पाचव्या आठवड्यातल्या रुग्णाला ती गर्दी सोसत नाही. नातेवाईक खारघर-बेलापूरकडे असतील तर शेवटचे तीन आठवडे तिकडे राहायला न्या. एखादा दिवस चुकलाच तर शनिवारी किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा शेक देऊन भरून काढता येतो का, ते डॉक्टरांना लगेच विचारा. सहा तास कशासाठी, हे आता तुमच्या लक्षात आले असेल: निरोगी पेशींना दुरुस्तीला तेवढा वेळ हवा.

सुरू करण्याआधी दंतवैद्याला दाखवा. किडलेले दात आताच काढायचे; शेकानंतर काढलेल्या दाताची जखम जबड्यात अनेकदा नीट भरत नाही. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंड आणि ऐकण्यावर परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्तचाचणी) आणि कानांची तपासणी आधी झालेली हवी. सिस्प्लॅटिन झेपणार नाही असे ठरले तरी हताश होऊ नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये दाखवले की अशा रुग्णांना शेकासोबत दर आठवड्याला डोसेटॅक्सेल हे केमोचे औषध थोडे दिले तर दोन वर्षांनी ५०.८ टक्के हयात होते, नुसत्या शेकावर ४१.७ टक्के. नाकातून नळी टाकायची वेळ आली तर टाकू द्या. वजन घसरले की शेक देताना डोके हलू नये म्हणून घातलेला चेहऱ्याचा साचा सैल होतो आणि नेम चुकू शकतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

दुरुस्ती रोखणारे औषध घ्यायचेच असेल तर रस्ता एकच, नोंदणी झालेली क्लिनिकल ट्रायल. भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असायला हवी, आणि ती कुणालाही पाहता येते. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत मागा. ट्रायलमधल्या औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. जो कुणी ट्रायलबाहेर ‘या गोळ्या घ्या, शेक नको’ म्हणेल, त्याच्याकडून कागदावर लिहून मागा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आजार उलटला तर मात्र माझे मत वेगळे असेल. तेव्हा चांगल्या ट्रायलसाठी मी स्वतः आग्रह धरेन, आणि अशा औषधांची खरी गरजही त्या रुग्णांना आणि तंबाखू व एचपीव्ही दोन्ही असलेल्यांनाच आहे.

आईंना सांगा, एका ताटात जेवल्याने, एक पेला वापरल्याने, कपडे एकत्र धुतल्याने काही होत नाही. हा संसर्ग बहुधा कित्येक दशकांपूर्वी झालेला असतो. तो शारीरिक संबंधातून पसरतो, आणि आयुष्यात कधी ना कधी बहुतेक स्त्री-पुरुषांना होतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो, काहींच्यात राहतो. कुणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, त्यामुळे या वयात घरात संशय आणि अबोला नको. आईंनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी करून घ्यावी, तेवढे पुरे. आधीच झालेला कॅन्सर एचपीव्हीच्या लसीने बरा होत नाही. ती घरातल्या लहान मुलामुलींसाठी आहे.

शेवटच्या शेकानंतर साधारण बारा आठवड्यांनी पेट-सीटी हा स्कॅन करतात. त्याआधी करण्याचा आग्रह धरू नका, शेकामुळे सुजलेला भागही त्यात चमकतो आणि उगीच घबराट होते. एचपीव्हीच्या रुग्णांत मानेतली गाठ विरघळायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा रिपोर्टवर थोडी गाठ उरलेली दिसली तर लगेच शस्त्रक्रियेचा निर्णय न घेता काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.